खुडूक बसलेली आणि अडलेली

कोंबडी सकाळपासून खोक्यातून उठली नाही, दाण्याला आली नाही, हाक मारली तरी जागची हलली नाही, की पहिला शब्द तोंडात येतो तो ‘खुडूक’, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पण अंडं आत अडकलेली कोंबडीही अशीच कोपरा धरून बसते, आणि तिच्या हातात फार तर एक-दोन दिवस असतात. खुडूक कोंबडीला नुसतं बसू दिलं तरी चालतं. अडलेलीला बसू दिलं की ती जाते.

हे मला पुण्यात धायरीतल्या आमच्या घरामागच्या खुराड्यात कळलं, तेही उशिरा. नुकतीच अंड्यावर आलेली एक तांबडी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, दुपारी खोक्यात शिरली आणि रात्रीपर्यंत बाहेर आलीच नाही. शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, “खुडूक बसलीय गं ती, उठवू नकोस.” भोरकडच्या गावात त्यांचा जन्म कोंबड्यांमागे गेलेला, त्यामुळे मीही निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खोक्यातच मरून पडली होती. उचलताना पोटाखाली अंडं माझ्या बोटांना लागलं.

मावशींचं वाक्य त्यांच्या कोंबड्यांपुरतं खरंच होतं. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, तो तिचा स्वभाव. माझी तलंग ऱ्होड आयलंड रेड होती. जास्त अंडी मिळावीत म्हणून अशा जातींची पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेली आणि खुडूक होणं त्यांच्यातून जवळजवळ निघून गेलं. वनराज, गिरिराज या सुधारित जातींचंही तेच. म्हणून खडकीच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा एखाद्या हॅचरीतून आणलेली सुधारित कोंबडी खोक्यात बसून राहिली, तर आधी आजाराची शंका घ्या, खुडूकची नंतर. तिने पहिली अंडी घालायला आत्ताच सुरुवात केली असेल तर अधिकच.

लांबून बघून काही कळत नाही. हात घालावा लागतो.

खुडूक कोंबडी हात जवळ येण्याआधीच फुगते. मानेची पिसं उभी राहतात, अंग दुप्पट दिसायला लागतं, घशातून खुडखुड आवाज येतो आणि बोटावर टोच बसते. डोळे लख्ख. खोक्यात ती भाकरीसारखी पसरून बसलेली असते. छातीखाली हात सरकवला तर तिथली पिसं तिने स्वतःच उपटलेली असतात आणि उघडी कातडी चांगली गरम लागते. उचलून अंगणात ठेवली तर क्षणभर तशीच गोळा होऊन बसते, मग एकदम भान आल्यासारखी उठते. घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते, एकच भलीमोठी, उग्र वासाची शीट टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा खोक्यात. तुरा थोडा फिका पडतो, वजनही उतरतं. त्याने घाबरू नये.

अडलेली कोंबडी प्रतिकार करत नाही. माझीने केला नव्हता, आणि तिथेच मला कळायला हवं होतं. डोळे अर्धे मिटलेले, पंख सैल, शेपूट खाली, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती शेपूट वर-खाली हलते. जमिनीवर ठेवली की पाय फाकवून, अंग ताठ उभं धरून राहते, दोन पावलं टाकते, कुंथते, थांबते. शीट पातळ, थोडीथोडी, किंवा होतच नाही. बसून राहण्याआधी ती खोक्यात बऱ्याच वेळा आत-बाहेर करते, आणि खोकं मात्र रिकामंच. खुडूक कोंबडी अशी येरझारा घालत नाही.

असं का होतं, ते कवचात आहे. एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 तास कवच चढण्यात जातात. एका कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. आपण घरचा उरलेला भात, कणी, पोळीचे तुकडे यांवर कोंबड्या सांभाळतो आणि कॅल्शियम कुठून येणार हा विचार करत नाही. ती ते हाडांतून काढते. तेही पुरलं नाही की कवच मऊ राहतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूलाही कॅल्शियमच लागतं, त्यामुळे तोही थकतो. मऊ अंडं, दमलेला स्नायू, म्हणून अडतं. फार मोठं किंवा दोन बलकांचं अंडं आणि अंगावरची चरबी हीही कारणं आहेत. आता मी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. ज्या कोंबडीला हवा ती खाते. पिल्लांना मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नये, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

शंका आली की घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं, कोपराला सोसेल इतपत. कोंबडीचं पोट बुडेल असं वीस मिनिटं धरून ठेवायचं, पुसून कोरडं करायचं आणि अंधाऱ्या, उबदार खोक्यात एकटी ठेवायची. मागच्या वाटेला थोडं तेल लावलं तर चालतं. पोट मात्र दाबू नये. अंडं आत फुटलं तर कवचाने जखम होते, संसर्ग पसरतो, आणि मग फार थोडं हातात राहतं. काही तासांत अंडं आलं नाही तर पशुवैद्य गाठावा. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, पण सगळीकडे कोंबडी बघतातच असं नाही. एक-दोन नंबर आधीच विचारून ठेवलेले बरे.

दोन-तीन कोंबड्या एकदमच मलूल होऊन बसल्या, शीट हिरवी दिसली, माना वाकड्या झाल्या, तर हे दोन्ही नाही. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. आजारी वेगळ्या काढून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावं; मेलेल्या कोंबडीची तपासणी औंधच्या रोग अन्वेषण विभागात होते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात द्यायची राणीखेतची लासोटा लस चुकवू नये.

खुडूक कोंबडीचं काय करायचं हे कोंबड्यावर ठरतं. कोंबडा नसेल तर अंडी फळणार नाहीत, उगाच बसवून तिला वाळवू नये. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं तीन-चार दिवस ठेवलं की छातीची ऊब उतरते आणि खुडूक मोडते. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे जुने उपाय करू नयेत, तिला नुसता त्रास होतो. फळलेली अंडी असतील तर मात्र रवण बसवण्यासारखं, म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवण्यासारखं, सुख नाही. 21 दिवस ती अंडी उलटवते, ऊब सांभाळते. पिल्लं निघाल्यावर बल्बखाली पहिल्या आठवड्यात 35 अंश राखण्याची आपली धडपडही वाचते.

मावशींनी दिलेली काळी गावरान सध्या अकरा अंड्यांवर बसली आहे. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या उजेडात प्रत्येक अंडं धरून पाहिलं. दोन रिकामी निघाली, बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका. रोज सकाळी एकदा ती खाली उतरते, मी तेवढ्यात पेंढा नीट करते. आज अठरावा दिवस. आता अंड्यांना हात लावायचा नाही.