तपासून दिलेल्या मजकुरातला ‘ऑलवेज’ कृपया हलवू नका

इंग्रजी पत्रं, ईमेल आणि कराराचे मसुदे आम्ही तपासून देतो. आमच्या बहुतेक ग्राहकांचं इंग्रजी चांगलं आहे. तरीही एका गोष्टीपायी तेच काम दोनदा करावं लागतं. ऑलवेज, ऑफन, नेव्हर हे शब्द आम्ही जागेवर बसवून देतो आणि पत्र पाठवताना ते पुन्हा मराठी कानाला बरं वाटेल तिथे सरकवले जातात.

मराठीत ‘तो नेहमी उशिरा येतो’ आणि ‘तो उशिरा येतो नेहमी’ दोन्ही चालतं. इंग्रजीत ही जागा क्रियापदावरून ठरते. ‘ही ऑलवेज कम्स लेट’मध्ये ऑलवेज क्रियापदाच्या आधी, पण ‘ही इज ऑलवेज लेट’मध्ये इजच्या नंतर. ‘ही हॅज ऑलवेज कम लेट’मध्ये तो दोन क्रियापदांच्या मध्ये बसतो. समटाइम्स आणि युज्वली वाक्याच्या सुरुवातीलाही शोभतात. ‘ट्वाइस अ वीक’ बहुधा शेवटी.

खरा घोटाळा नकारात होतो. ‘आम्ही नेहमी जादा पैसे घेत नाही’ या वाक्याचा अर्थ काय? ‘वी डोन्ट ऑलवेज चार्ज एक्स्ट्रा’ म्हणजे कधी घेतो, कधी घेत नाही. ‘वी नेव्हर चार्ज एक्स्ट्रा’ म्हणजे कधीच घेत नाही. समोरचा माणूस यातलं जे वाचेल तेच तुमचं आश्वासन म्हणून धरेल. म्हणूनच अशा वाक्यापाशी आम्ही थांबतो आणि तुम्हाला विचारतो. एका शब्दासाठी फोन कशाला, असं काही जणांना वाटतं. पण तुमच्या वतीने अंदाज बांधणं आम्हाला पटत नाही. आणि ‘वी डोन्ट नेव्हर’ तर नकोच. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ जोडावं लागतं, नेव्हरमध्ये नकार आधीच आहे.

सवय सांगताना ‘वी ऑलवेज सेंड’ लिहावं, ‘वी आर ऑलवेज सेंडिंग’ नव्हे. ‘यू आर ऑलवेज आस्किंग फॉर सॅम्पल्स’ हे वाचणाऱ्याला ‘तुम्ही सारखे सॅम्पलच मागत असता’ असं, वैतागाच्या सुरात ऐकू येतं. चांगला ग्राहक अशा वाक्याने दुखावू शकतो.

‘बायमंथली’ दिसला की आम्ही तो काढतोच. महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा, हे दोन्ही अर्थ शब्दकोशांत आहेत. हप्ता किंवा भेटीची तारीख ठरत असेल तर ‘ट्वाइस अ मंथ’ किंवा ‘एव्हरी टू मन्थ्स’ असं उघड लिहिलेलं बरं.

दुरुस्ती पटली नाही तर शब्द न हलवता शेजारी प्रश्न लिहा. तपासून दिलेल्या मजकुरावरच्या शंकांचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. मजकुरासोबत मनातलं मराठी वाक्यही पाठवलंत तर काम एकाच फेरीत होतं. तीच पत्रं पुन्हा पुन्हा जात असतील तर त्यांचे नमुने एकदाच तयार करून घ्या. पुढे फक्त नाव आणि तारीख बदलावी लागेल.