हलकी बॅग वाळण्यावर ठरते

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर सोबत एकच बॅग नेता येते. तिचं वजन ७ किलोच्या आत आणि लांबी, रुंदी, उंचीची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत, हा बहुतेक कंपन्यांचा दंडक. चिकलठाण्याहून उडा नाहीतर नांदेडहून, काटा तोच. चाकांची बॅग रिकामीच अडीच किलोच्या आसपास भरते. लॅपटॉप, चार्जर, औषधं यांत आणखी दोन किलो जातात. दशम्या-धपाट्यांचा डबा घरचे दिल्याशिवाय राहत नाहीत, तो अर्धा किलो धरा. कपड्यांच्या वाट्याला उरतात जेमतेम दोन किलो.

इथून पुढे बहुतेक जण एकेक कपडा बाहेर काढायला लागतात. हा शर्ट राहू दे, तो सदरा राहू दे. माझ्या मते हिशोब दुसऱ्या टोकाकडून करायला हवा: रात्री धुतलेला कोणता कपडा सकाळी अंगात घालता येईल? जो येतो तो बॅगेत एक असतो, पण प्रवासात दोनाचं काम करतो. जो येत नाही त्याला जोडीदार न्यावाच लागतो. बॅगेचं वजन शेवटी कापड किती वेगानं वाळतं यावर ठरतं, आणि त्या वेगामागचं विज्ञान मराठवाड्यातल्या माणसानं तर समजून घ्यायलाच हवं, कारण आपली हवा या कामात फार मोठी मदत करते.

कापड वाळणं म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जाणं. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. साडेसहाशे ग्रॅमची जीन्स हातानं पिळून दोरीवर टाकली, तरी तिच्यात साधारण तिच्याच वजनाइतकं पाणी उरतं. तेवढं पाणी उडवायला लागणारी उष्णता जवळजवळ ०.४४ युनिट विजेइतकी होते. ती आपण देत नाही, हवा देते, ऊन देतं. पण कुठून तरी ती यावीच लागते. मलमलीच्या १२० ग्रॅमच्या शर्टाला याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता पुरते.

नुसतं एकूण पाणी पाहूनही भागत नाही. पाणी कपड्याच्या पृष्ठभागावरून उडतं, म्हणून एका चौरस मीटर कापडात किती पाणी अडकलंय, हे महत्त्वाचं. कापडाच्या व्यापारात यासाठी सोपं माप आहे, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. जाड जीन्सचं कापड ४०० च्या आसपास, नेहमीचा टी-शर्ट १६० ते १८०, शर्टिंग १०० ते १३० आणि मलमल ५० ते ७०. ऑनलाइन विकणारे हा आकडा बहुधा देतात. दुकानात मिळाला नाही तर किराणा दुकानाच्या काट्यावर शर्ट ठेवून पाहावा. प्रवासाचा कपडा घेताना रंग आणि किंमत यांच्याआधी हा आकडा बघावा असं मला मनापासून वाटतं. कमी जीएसएमचा फायदा दोनदा मिळतो. कापड मुळात हलकं, आणि लवकर वाळतं म्हणून नगही कमी लागतात.

शिवणीचंही पाहा. जीन्सचा पाय वाळतो, पण कमरपट्टा आणि खिशांची तोंडं ओलीच राहतात, कारण तिथं कापडाचे चार-चार, सहा-सहा थर एकावर एक शिवलेले असतात. कपडा केव्हा वाळला, हे त्याची सर्वांत जाड जागा ठरवते. याच्या अगदी उलट टोकाला साडी, धोतर आणि पंचा आहेत. शिवण नाही, खिसा नाही, उलगडलं की सगळीकडे एकच थर. साडेपाच मीटरची पातळ सुती साडी पाचेकशे ग्रॅमची असली तरी ती सहा चौरस मीटरांवर पसरलेली असते, आणि दोन्ही बाजू धरल्या तर बारा. गोदाकाठी पैठणला किंवा गंगाखेडला उन्हाळ्यात बायका साडीची दोन टोकं धरून उभ्या राहतात आणि दहाएक मिनिटांत साडी घडी घालण्याजोगी होते. गणित मांडलं तरी तेवढाच वेळ येतो. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारा वारकरी सोबत कपडे मोजकेच घेतो, आणि ते ज्येष्ठ-आषाढाच्या दमट दिवसांतही त्याला पुरतात, यामागे हेच एकपदरी कापड आहे.

आता हवेकडे वळू. वेधशाळेत दोन तापमापक शेजारी टांगलेले असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. मलमलीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे दुसरा तापमापक कमी तापमान दाखवतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक जास्त. मे महिन्याच्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक २२ अंशांच्या जवळपास उतरतो. फरक १८ अंशांचा. किनारपट्टीवर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक २८ वर थांबतो. फरक फक्त चार.

दोरीवरचा ओला शर्ट हा असाच एक ओला तापमापक असतो. तो भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि त्या फरकाच्या प्रमाणात हवेतली उष्णता त्याच्याकडे वाहते. तीच उष्णता पाणी उडवते. म्हणजे सावलीत, सारख्याच वाऱ्यात, लातूर-परभणीकडच्या उन्हाळी दुपारी तोच शर्ट किनाऱ्यावरच्या मानानं चौपट-साडेचारपट वेगानं वाळेल. आपल्याकडे गवताच्या टट्ट्यांचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो, त्याचंही कारण हेच. मराठवाड्याचा कोरडेपणा आपल्याला दुष्काळाच्या रूपात फार छळतो. प्रवासाच्या कपड्यांपुरता मात्र तो आपल्या बाजूनं उभा असतो.

धाग्यांची निवड करताना रसायनशास्त्र कामी येतं. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. त्याच्या साखळीवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना चिकटतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नुसता टांगलेला सुती कपडासुद्धा स्वतःच्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरून असतो. पॉलिस्टरचं हेच प्रमाण ०.४ टक्के. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा तयार केला. पाणी त्याच्या आत शिरत नाही, फक्त धाग्यांच्या मधल्या फटींत राहतं, म्हणून तो लवकर वाळतो.

मग सगळं पॉलिस्टरच का न्यायचं नाही? एक कारण वासाचं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामाची सायकल जोरात चालवून घामाघूम झालेल्या २६ जणांचे टी-शर्ट तपासले. पॉलिस्टरच्या शर्टांना सुती शर्टांपेक्षा जास्त उग्र वास येत होता आणि मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर अधिक वाढत होते. घामातले तेलकट पदार्थ पॉलिस्टरला धरून राहतात आणि साध्या धुण्यानं पुरते निघत नाहीत. रोज धुणं शक्य असेल तर ठीक, नसेल तर शेजारच्या प्रवाशाचा विचार करावा. दुसरं कारण आपल्या उन्हाचं. कोरड्या गरमीत घाम उडणं हाच शरीराचा मुख्य आधार असतो. सुती कापड घाम टिपून पसरवतं आणि अंगाजवळून उडू देतं. घट्ट विणीचं साधं पॉलिस्टर तो अंगावरच साचू देतं. कापूस-पॉलिस्टरचं मिश्रण, आपलं जुनं टेरिकॉट, हा मधला मार्ग. दमट गावाला जायचं असेल तर मी तोच सुचवीन.

रेयॉनच्या कुर्त्यांबद्दल मात्र सावध राहा. अंगावर ते मऊ आणि गार लागतात, पण रेयॉन ओला झाला की जवळपास निम्मी ताकद गमावतो. रोज धुऊन पिळण्यासाठी तो बनलेलाच नाही. कापूस उलट ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो.

पातळ सुती कापडाचा विषय निघाला की आपल्या काळ्या रानापर्यंत जावंच लागतं. पातळ कापडाला बारीक सूत हवं आणि बारीक सुताला लांब तंतू हवा. तंतू आखूड असेल तर बारीक कातताना तो निसटतो आणि सूत तुटतं. कोरडवाहू जमिनीत तग धरणाऱ्या आपल्या देशी कापसाचा तंतू सहसा आखूड आणि जाड, म्हणून तो मागं पडला आणि अमेरिकन जातींचे संकरित वाण शिवारभर पसरले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कापूस संशोधकांनी यावर चिकाटीनं काम केलं आणि लांब तंतूचे देशी वाण पैदाशीतून पुढं आणले. कमी पाण्यात येणारा आणि बारीक सूत देणारा देशी कापूस शिवारात रुजला, तर त्याची किंमत केवळ प्रवाशालाच कळेल असं नाही. पण ते वेगळ्या लेखाचं काम.

सुती कपड्यावरची मोठी तक्रार चुरगळण्याची. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सहज तुटणाऱ्या-जुळणाऱ्या हलक्या ओढीनं, धरून असतात. कपडा दाबला गेला की हे बंध सुटतात आणि वाकलेल्या स्थितीतच नव्यानं जुळतात, म्हणून घडी टिकून राहते. ओलावा हे बंध सैल करतो. इस्त्रीआधी पाणी शिंपडतात ते त्यासाठीच. रात्री धुतलेला शर्ट न पिळता हँगरवर लावला, शिवणी हातानं ताणल्या आणि पंख्याखाली टांगला, तर पाण्याचं वजनच त्याला खाली ओढून बराच सरळ करतं. वाळायला वेळ जास्त लागतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो परवडतो. बॅग भरताना कपडे गुंडाळले तर कापड तीक्ष्ण कोनात वाकत नाही आणि सुरकुत्या कमी पडतात. हवा काढून टाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र काट्यावर काही मदत करत नाहीत. त्या आकार कमी करतात, वजन नाही.

रंगाबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. बेदुइन लोक तापलेल्या वाळवंटात काळे झगे का घालतात, हे १९८० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तपासलं गेलं. काळा झगा उष्णता जास्त शोषतो हे खरंच होतं, पण ती त्वचेपर्यंत पोचत नव्हती. सैल झग्याच्या आतून वाहणारी हवा ती वाटेतच घेऊन जात होती. काळ्या आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसाच्या अंगाला बसणारी उष्णता सारखीच निघाली. म्हणजे गडद रंगाचा सैल सदरा न्यायला हरकत नाही. त्यावर मळ कमी दिसतो. शिवाय पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरणांचा बराच भाग आरपार जातो, गडद रंग तो अधिक अडवतो. अट एकच, कपडा अंगाला चिकटलेला नसावा. डोक्यावर पंचा दुहेरी करून घ्यावा.

थंडीच्या प्रवासाला लोक जाड स्वेटर कोंबतात आणि बॅगेची वाट लावतात. ऊब देते ती अडकून पडलेली स्थिर हवा. ती उष्णता फार वाईट वाहून नेते, पाण्याच्या तुलनेत सुमारे तेविसाव्या भागाएवढीच. म्हणून एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर आणि त्यांच्यामधली हवा जास्त कामाची, आणि म्हणूनच ओला कपडा घातला की हुडहुडी भरते. लोकरीचा पातळ बनियन आणि वरून एक विंडचीटर एवढ्यावर डिसेंबरातली दिल्लीची संध्याकाळ निभावता येते. लोकर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही ओली लागत नाही, वासही लवकर धरत नाही. घोंगडीवर वाढलेल्या आपल्या भागाला हे नव्यानं सांगायला नको. सर्वांत जड कपडा आणि जड बूट बॅगेत न टाकता अंगावर घालून विमानात बसावं. आतली हवा गार आणि फार कोरडी असते, वरचा थर तिथंच कामी येतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात, कोची किंवा मुंबईसारख्या ठिकाणी. तिथं हवा मदत करणार नाही हे धरूनच चालावं आणि कपड्यातलं पाणी आधी काढून टाकावं. धुतलेला शर्ट हातानं पिळा, कोरड्या पंचावर पसरा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि ती जोरानं पिळा. शर्टातलं बरंच पाणी पंचा ओढून घेतो. मग पंचा वेगळा पिळून टांगा. तो पातळ आहे, शर्टाबरोबरच वाळेल. खिडकीत टांगू नका, बाहेरची ओली हवा आत येत राहते. एसी असेल तर खिडकी लावून पंख्याखाली टांगा. एसी हवेतलं पाणी काढत राहतो आणि पंखा कापडाला लगटून बसलेला दमट थर हलवत राहतो. सकाळी आधी बगलेची शिवण आणि कॉलर चाचपून पाहा, तिथं हाताला गार लागलं तर अजून ओल आहे. अशा वेळी अर्धा तास अंगावर घालून बसलं तरी चालतं, शरीराच्या उष्णतेनं उरलेलं पाणी उडून जातं.