हलकी आहे म्हणून जिंकते? आना कार्रास्को आणि वळणावरचं भौतिकशास्त्र

30 सप्टेंबर 2018. फ्रान्समधल्या मान्यी-कूर ट्रॅकवर सुपरस्पोर्ट 300 या छोट्या मोटरसायकलींच्या विश्व अजिंक्यपद मालिकेची शेवटची शर्यत. गुणतक्त्यात सगळ्यात वर असलेली स्पेनची आना कार्रास्को शर्यत सुटतानाच्या रांगांमध्ये पार मागे उभी होती आणि शर्यत संपली तेव्हा ती तेरावी आली होती. तेराव्या क्रमांकाला मिळतात फक्त 3 गुण. पण तिचा प्रतिस्पर्धी मिका पेरेझ ही शर्यत थोडक्यात हरला आणि दुसरा आला. पहिल्या क्रमांकाचे 25 आणि दुसऱ्याचे 20 असतात, म्हणजे त्याचे 5 गुण तिथेच गेले. मोसमातल्या आठ शर्यतींची अंतिम बेरीज झाली कार्रास्को 93, पेरेझ 92. एका गुणाने ती विश्वविजेती झाली. वय 21.

पुरुष आणि स्त्रिया एकत्र धावतात अशा एकेरी मोटरसायकल रोड रेसिंगमध्ये त्याआधी एकाही स्त्रीने विश्वविजेतेपद मिळवलं नव्हतं. (साइडकारमध्ये फिनलंडच्या किर्सी काइनुलाइनेन हिने 2016 मध्ये जोडीदारासह ते मिळवलं होतं. तिचंही नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेते.) कार्रास्कोचं कौतुक झालंच, पण त्याला चिकटून एक वाक्य कायम यायचं: ती हलकी आहे ना, मग पिकअप मिळणारच. उंचीने लहान, वजनाने कमी, म्हणजे फायदा तिचाच, असा हिशोब. ऐकायला तो बरोबर वाटतो. पण बाइक वळणात शिरते तेव्हा हाच हिशोब बऱ्याच अंशी उलटा होतो.

आनाचा जन्म 1997 चा. स्पेनच्या आग्नेयेला मुर्सिया नावाचा प्रांत आहे, तिथलं सेहेखिन हे तिचं गाव. वडील रेसिंगच्या बाइकचे मेकॅनिक, त्यामुळे शाळेत जायच्या आधीच ती मिनी बाइकवर बसली. 2013 मध्ये, सोळाव्या वर्षी, ती मोटो 3 या जागतिक मालिकेत उतरली. संघातला तिचा सहकारी होता माव्हेरिक विन्यालेस, जो त्याच वर्षी या वर्गाचा विश्वविजेता झाला. आनाने मलेशियातल्या सेपांगला पंधरावी येऊन पहिला गुण मिळवला आणि शेवटच्या वॅलेन्सियाच्या शर्यतीत ती थेट आठवी आली. मोटो 3 मध्ये गुण मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता वजनाकडे येऊ. मोटो 3 मध्ये नियम असा की बाइक आणि रायडर यांचं एकत्रित वजन ठरावीक आकड्याच्या खाली जाता कामा नये. तो आकडा साधारण दीडशे किलोच्या आसपास असतो. रायडर हलका असेल तर उरलेलं वजन बाइकवर शिसं किंवा तत्सम जड तुकडे बोल्ट करून भरून काढायचं. म्हणजे सरळ रस्त्यावर रेस पिळल्यावर मिळणारा हलकेपणाचा फायदा नियमानेच काढून घेतला. वरवर पाहता सगळे सारखे झाले. मात्र अंगातलं दहा किलो वजन आणि चॅसीला, म्हणजे बाइकच्या सांगाड्याला, बोल्ट केलेलं दहा किलो वजन यांत मोठा फरक आहे. अंगातलं वजन हलवता येतं, बोल्ट केलेलं नाही.

वळण घेताना बाइक किती झोपवावी लागते, हे मुळात वजनावर ठरत नाही. ते ठरतं वेग आणि वळणाच्या त्रिज्येवर. 50 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 80 किलोमीटरने घ्यायचं तर टायर रस्त्याला टेकतो तिथपासून बाइक आणि रायडर यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यापर्यंतची (सगळं वजन जिथे एकवटलं असं धरतात त्या बिंदूपर्यंतची) रेषा 45 अंशांनी कलावी लागते, मग रायडर चाळीस किलोचा असो की नव्वदचा. हे 45 अंश त्या रेषेचे. रायडर आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला काढतो, गुडघा जमिनीला टेकवतो, तेव्हा गुरुत्वमध्य आत सरकतो आणि त्यामुळे खुद्द बाइक थोडी कमी झोपवली तरी चालते. बाइक जितकी उभी, तितका टायरचा चांगला भाग रस्त्यावर टेकलेला राहतो आणि तितक्या लवकर रेस देता येते. शर्यती इथे जिंकल्या जातात.

सोपं गणित करून पाहा. दोन रायडर घेऊ, दोघांचं बाइकसकट वजन 150 किलो. पहिल्याचं साहित्यासह 65 किलो आणि त्याची बाइक 85. दुसऱ्याचं 55, आणि बाइक जास्तीच्या वजनासह 95. दोघांनीही अंग 20 सेंटिमीटर आत काढलं. पहिल्याचा एकत्रित गुरुत्वमध्य साधारण 8.7 सेंटिमीटर सरकतो, दुसऱ्याचा 7.3. गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर धरला, तर त्याच वेगाने तेच वळण घ्यायला हलक्या रायडरला बाइक सव्वा अंशाच्या आसपास जास्त झोपवावी लागते. सव्वा अंश किरकोळ वाटेल. पण टायरची पकड संपत आलेली असते त्या टोकाला, प्रत्येक वळणात, प्रत्येक फेरीत हा सव्वा अंश मोजावा लागतो. त्यात उंचीने लहान असलेल्या रायडरला 20 सेंटिमीटर अंग बाहेर काढणंही तितकं सोपं नसतं.

बाइक एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर लोळवण्याचं कामही आहेच. उजवीकडे वळायचं तर उजवा हँडल पुढे ढकलायचा. पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं आणि बाइक उजवीकडे कलते. रस्त्यावर स्कूटर चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतोच. दीडशेच्या वेगाने फिरणारी चाकं मात्र आपली दिशा सहजासहजी सोडत नाहीत. हँडलवर लागणारा जोर चाकांच्या फिरकीवर आणि बाइकच्या जडपणावर ठरतो. रायडर लहानखुरा आहे म्हणून बाइक काही सूट देत नाही. पन्नास किलोच्या माणसाच्या खांद्यांना आणि पोटाच्या स्नायूंना तेवढंच काम करावं लागतं जेवढं सत्तर किलोच्या माणसाच्या. म्हणून जिममधली तिची मेहनत ही मला तिच्या यशाची नुसती तळटीप वाटत नाही. गणिताची ती अर्धी बाजू आहे.

2014 आणि 2015 ही मोटो 3 मधली दोन्ही वर्षं तिला कठीण गेली. 2016 मध्ये ती युरोपियन मोटो 2 मध्ये, म्हणजे 600 सीसी इंजिनच्या जड बाइकवर गेली आणि तिथेही फार काही हाती लागलं नाही. रेसिंगमध्ये बाइक आणि संघ कमकुवत असेल तर रायडरची गुणवत्ता दिसतच नाही, आणि निकाल नाहीत म्हणून पुढच्या वर्षी चांगला संघ मिळत नाही. या चक्रात कितीतरी मुलं आणि मुली संपून जातात. तिने दरम्यान मुर्सियात कायद्याचं शिक्षणही चालू ठेवलं होतं.

2017 मध्ये सुपरस्पोर्ट 300 ही नवी मालिका सुरू झाली. दुकानात मिळणाऱ्या छोट्या स्पोर्ट्स बाइक, थोडे बदल करून. या वर्गात महाराष्ट्राचाही एक धागा आहे: इथे धावलेली केटीएमची बाइक आर सी 390 वर आधारलेली होती, आणि आर सी 390 चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनते. कार्रास्कोकडे होती कावासाकी निन्जा 300. या बाइकना ताकद बेताची, आणि ताकद बेताची असली की हवा हाच मोठा शत्रू होतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. अंदाज यावा म्हणून: अंग टाकीवर आडवं करून बसलेल्या रायडरसह अशी बाइक ताशी 200 किलोमीटरने नेताना नुसती हवा कापायला साधारण 35 हॉर्सपॉवर जातात. इंजिनची जवळपास सगळी कमाई तिथेच संपते. इथे लहानखुरं शरीर खरोखर उपयोगी पडतं, हे मान्य करायलाच हवं. समोरून दिसणारं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी कमी झालं तर त्याच ताकदीत कमाल वेग साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे सुमारे 7 किलोमीटरने वाढतो. पण याच कारणाने दुसऱ्याच्या मागे लपण्याचा फायदाही प्रचंड होतो. पुढची बाइक हवा बाजूला ढकलत जाते, तिच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि त्यात शिरलेल्या बाइकला कमी विरोध लागतो. यालाच स्लिपस्ट्रीम म्हणतात. दोनशे हॉर्सपॉवरच्या बाइकला सुटून जायला ताकद शिल्लक असते, या छोट्या बाइकना नसते. म्हणून सुपरस्पोर्ट 300 मध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा रायडरांचा जथा शेवटच्या फेरीपर्यंत एकत्र राहायचा, आणि पुढे असणं हे बऱ्याचदा तोट्याचं असायचं.

17 सप्टेंबर 2017 ला पोर्तुगालमधल्या पोर्तिमावला नेमकं हेच घडलं. तिथलं शेवटचं वळण लांबलचक आहे आणि त्यानंतर येतो जवळपास एक किलोमीटरचा सरळ पट्टा. शेवटच्या फेरीत कार्रास्को या वळणातून पुढच्यांच्या मागे चिकटून बाहेर पडली, त्यांच्या हवेच्या सावलीत वेग साठवला आणि रेषेच्या आधी बाजूला निघून पुढे गेली. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. थोडं आधी बाहेर निघाली असती तर उघड्या हवेत तिचाच वेग पडला असता, उशीर केला असता तर रेषा संपली असती. एकेरी मोटरसायकल रोड रेसिंगच्या विश्व अजिंक्यपद शर्यतीत एखादी स्त्री जिंकण्याची ही पहिली वेळ. या विजयात वजनाचा वाटा किती आणि वेळ साधण्याचा किती, हे वाचकाने ठरवावं. मला शंका नाही.

पुढच्या वर्षी ती निन्जा 400 वर आली. मालिकेत वेगवेगळ्या क्षमतेची इंजिनं एकत्र धावत असल्याने आयोजक प्रत्येक मॉडेलला किमान वजन आणि इंजिनच्या फेऱ्यांची (ते मिनिटाला किती वेळा फिरायचं त्याची) मर्यादा ठरवून देत आणि मोसमातच ती बदलतही. मे महिन्यात इटलीतल्या इमोलाला कार्रास्को सुमारे 13 सेकंदांच्या अंतराने जिंकली. ज्या वर्गात निकाल सेकंदाच्या शतांशांत लागतात तिथे 13 सेकंद! मागचा जथा एकमेकांना ओलांडण्यात वळणांची चांगली रेषा गमावत राहिला आणि ती एकटी, स्वच्छ रेषेवर, न चुकता फेऱ्या मारत राहिली. पुढे कावासाकीच्या इंजिनच्या फेऱ्यांच्या मर्यादेला कात्री लागली. तरी इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला ती पुन्हा जिंकली, आणि मग मान्यी-कूर.

सप्टेंबर 2020 मध्ये पोर्तुगालच्या एश्तोरिल ट्रॅकवर सराव करताना ती पडली आणि पाठीचे दोन मणके मोडले: छातीच्या भागातला चौथा आणि सहावा. खांद्याच्या दोन पात्यांच्या मधला हा भाग. इथल्या मणक्यांना बरगड्यांचा आधार असतो, म्हणून ते सहजी मोडत नाहीत. मोडायला मोठा आघात लागतो. आणि मोडले की धोका मोठा, कारण मज्जारज्जू जिथून जातो ती पोकळी कण्याच्या या भागात अरुंद असते. हाडाचा तुकडा सरकायला तिथे जागाच नाही. तिच्या मज्जारज्जूला इजा झाली नव्हती. बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली आणि मोडलेला भाग धातूने स्थिर केला गेला.

हाड जुळतं ते टप्प्याटप्प्याने. आधी मोडलेल्या जागी रक्त गोठतं, मग तिथे कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, काही आठवड्यांत त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. त्यानंतरचं काम मात्र महिनोन् महिने चालतं: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. म्हणूनच रुग्णाला नुसतं पडून ठेवत नाहीत, मोजूनमापून भार वाढवत नेतात. रायडरसाठी हा भार साधा नसतो. दोनशेवरून ऐंशीवर येताना तीन-साडेतीन सेकंद जवळपास स्वतःच्या वजनाइतका जोर शरीराला पुढे ओढतो. टाकीला गुडघे आवळून, पोट घट्ट करून आणि हातांवर तो पेलायचा असतो. त्याच वेळी पाठ वाकलेली आणि मान वर. नऊ महिन्यांनी, जून 2021 मध्ये, इटलीतल्या मिसानोला ती पुन्हा शर्यत जिंकली.

2022 आणि 2023 मध्ये ती परत मोटो 3 मध्ये गेली. तिथे गुणांनी हुलकावणी दिली. 2024 मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र विश्व अजिंक्यपद सुरू झालं, सगळ्यांना एकसारखी यामाहा आर 7. स्पेनच्याच मारिया एरेराशी मोसमभर अटीतटीची झुंज झाली आणि पहिलं विजेतेपद कार्रास्कोने घेतलं. पुढचं, 2025 चं, एरेराने.

पण तोवर कार्रास्को तिथून निघाली होती. 2025 मध्ये ती होंडाची 600 सीसी बाइक घेऊन सुपरस्पोर्ट विश्व अजिंक्यपदात उतरली, पुन्हा पुरुषांबरोबर. सुपरस्पोर्ट 300 च्या तुलनेत या बाइक जड आहेत, ताकद तिपटीच्या आसपास आहे आणि एकूण वजनात रायडरच्या अंगाचा वाटा आणखी घटतो. वर केलेलं सव्वा अंशाचं गणित इथे तिच्या बाजूने अजिबात झुकत नाही, आणि हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?