उकळीत हॉप्स टाकायचे राहून गेले तर

बिअरचा वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळून झाला, आच बंद केली, आणि पहिल्या हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, वाटी ओट्यावर तशीच भरलेली! असं झालं की आमच्या सांगलीच्या दुकानात फोन येतो. फोनवर आम्ही जे सांगतो, तेच इथे छापलं आहे.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, घरच्यापुरतीसुद्धा नाही. १९४९ चा मद्यनिषेध कायदा त्याबाबत स्पष्ट आहे. म्हणून हे पत्रक परवानाधारक मायक्रोब्रुअरीच्या २० लिटरच्या चाचणी घाण्यांसाठी आहे. जिथे घरी बिअर बनवायला मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच आकडे चालतील.

घाबरून दुप्पट हॉप्स ओतू नका. आधी घड्याळ बघा. कडूपणा येतो तो हॉप्समधलं अल्फा आम्ल उकळीत रूप बदलतं म्हणून, आणि त्याला वेळ लागतो. गुळाच्या काहिलीत भेंडीचं पाणी उशिरा पडलं तर मळी नीट वर येत नाही, तसंच हे. ग्लेन टिन्सेथ यांच्या कडूपणा मोजायच्या सूत्राने, १.०५० घनतेच्या वर्टमध्ये ६० मिनिटांत अल्फा आम्लाचा साधारण २३ टक्के भाग कामी येतो, ३० मिनिटांत १८, १५ मिनिटांत ११ आणि १० मिनिटांत ८. म्हणजे ६० मिनिटांचे हॉप्स राहिले आणि उकळीची ३० मिनिटं बाकी असतील, तर मूळ वजनाच्या १.३ पट टाका. १५ मिनिटं असतील तर दुप्पट. १० मिनिटं उरली असतील तर पावणेतीन पट लागतात, आणि इतक्या हॉप्सचा पालेदार स्वाद बिअरभर पसरतो. तिथे जास्त अल्फाचा वाण घ्या: ४ टक्क्यांच्या ६० ग्रॅम साझचं काम १२ टक्क्यांचा २० ग्रॅम मॅग्नम करतो. पट लावायची ती या २० ग्रॅमना. पेलेट (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) थोडे थोडे सोडा, नाहीतर फेस उतू जाईल.

वेळ असेल तर आमचं मत उकळी लांबवावी असंच. आटेल तेवढं उकळतं पाणी घाला. मात्र शेवटचे सुगंधी हॉप्स आधीच पडले असतील तर त्यांचा वास उडेल आणि तेही कडूपणा देतील. त्यांचा वाटा हिशेबात धरा.

वर्ट गार झाला, पण यीस्ट टाकलेलं नाही? सरळ पुन्हा आचेवर चढवा. यीस्ट पडल्यावर मात्र उकळायचं नाही. यीस्ट मरेल, तयार झालेलं अल्कोहोल उडेल. तेव्हा खरा उपाय आयसोमराइज्ड हॉप अर्काचा, म्हणजे ज्यात अल्फा आम्लाने आधीच रूप बदललेलं असतं अशा अर्काचा. एका लिटरमागे असं १ मिलिग्रॅम आम्ल म्हणजे ढोबळमानाने १ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक). २० लिटरमध्ये १० आयबीयू वाढवायला ३० टक्क्यांचा अर्क पाऊण ग्रॅमही लागत नाही. लेबलवरची टक्केवारी बघा, आधी एका ग्लासात थेंबाने चाखून ठरवा. हॉप्सचा काढा करून घालणारेही आहेत. पण अल्फा आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे लिटरभर पाण्यात मूठमूठ हॉप्स कोंबले तर तुरटपणाच जास्त उतरतो.

शेवटचे, वासाचे हॉप्स राहिले तर काळजीचं कारण नाही. आंबणं संपत आल्यावर लिटरमागे ३-४ ग्रॅम ड्राय हॉप करा, म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये टाका. कडूपणाची भरपाई मात्र ड्राय हॉपने होत नाही.

कधी काहीच न करणं बरं. गव्हाच्या बिअरला १२ आयबीयू पुरतात. पण हॉप्स अजिबातच पडले नसतील तर घाणा लवकर संपवा, कारण लॅक्टोबॅसिलससारख्या आंबट करणाऱ्या जिवाणूंना तेच आवर घालतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हॉप्सचं पाकीट मिळताच फ्रीझरमध्ये ठेवा. आणि वापरलेल्या हॉप्सचा चोथा उघड्यावर टाकू नका. कुत्र्याने खाल्ला तर त्याचा ताप जीवघेणा चढतो. तसं झालंच तर ताबडतोब पशुवैद्यांकडे न्या.