आश्विनातल्या लाटा आणि हंगामी क्राफ्ट बिअर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेडणे तालुक्यातील आश्वे-मांद्रे किनाऱ्यावर आम्ही सकाळी सर्फिंग शिकवतो आणि संध्याकाळी, ज्यांना आवड आहे त्यांना, गोव्यात तयार होणाऱ्या क्राफ्ट बिअरची (छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात बनवलेल्या बिअरची) ओळख करून देतो. हंगाम आश्विनाच्या सुमारास सुरू होतो, परंतु पहिल्या वर्गाची तारीख आम्ही आगाऊ ठरवत नाही. याविषयी ग्राहक नेहमी विचारतात, म्हणून त्याचे कारण येथे देत आहोत.

गोव्यातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यास माघार घेतो; मात्र पाऊस थांबला म्हणजे समुद्र निवळला, असे होत नाही. चार महिन्यांच्या लाटांनी किनाऱ्यावरची वाळू ओढून नेलेली असते, पाण्याखाली वाळूचे नवे उंचवटे तयार झालेले असतात आणि दोन उंचवट्यांमधील खोलगट वाटेने परतीचे पाणी जोराने आत खेचले जाते. नेमक्या त्या जागी लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि थोडे गडद दिसते, आणि नवखा माणूस तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. अशा ओढीत सापडल्यास बोर्ड सोडू नये, किनाऱ्याच्या दिशेने झटापट करू नये. किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडावे आणि हात वर करून मदत मागावी. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल, त्या दिवशी आमचा वर्ग होत नाही व शुल्क पूर्ण परत मिळते.

वर्गाची वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ अशी आहे. त्या वेळी जमिनीकडून वाहणारा मतलई वारा लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे तिचा उतार गुळगुळीत राहतो. ऊन तापल्यावर खारा वारा सुटतो आणि पाणी विस्कटते. भरतीची वेळ तिथीची पाऊणपट असते, हे कोकणातील जुने गणित अंदाजापुरते उत्तम आहे, तरी आम्ही छापील वेळापत्रकच पाळतो. पाणी साधारण २८ अंश सेल्सिअस असल्याने जाड वेटसूट लागत नाही, पण बोर्डावर पोट व छाती घासते म्हणून लांब बाह्यांचा घट्ट टी-शर्ट अवश्य आणावा. पहिल्या दिवशी प्रशिक्षक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बोर्डाची शेपटी धरतात. फेसाळ लाट मागून येताच तळहात बरगड्यांजवळ टेकून एका दमात उठायचे असते. नजर पायांकडे गेली की माणूस पडतो, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम होते.

बिअरमध्येही ऋतू असतो. जर्मनीतील बव्हेरियात १५५३ च्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदी होती, म्हणून मार्चमध्ये केलेली बिअर थंड तळघरांत ठेवून शरदापर्यंत पुरवली जाई. मार्च महिन्यावरूनच तिला ‘मेर्झेन’ म्हणतात. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), पावाच्या खरपूस कडेसारखा तिचा स्वाद या दिवसांत आवर्जून घ्यावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र आमची पहिली पसंती बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला आहे. तिच्यात संत्र्याची साल आणि चक्क आपले धणे असतात. ग्लास नाकाशी नेताच ताज्या कुटलेल्या धण्यांचा वास ओळखू येतो. बिअर अतिथंड असल्यास हा वास दबतो, म्हणून पहिला घोट घेण्याआधी दोन मिनिटे थांबावे.

चवीसाठी १२० मिलिलिटरचे चार ग्लास दिले जातात. ते दिसायला लहान असले तरी एकूण ४८० मिलिलिटर होतात, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका पाइंटपेक्षा पुष्कळ अधिक. हा कार्यक्रम केवळ २१ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी असून तो किनाऱ्यावर होत नाही, कारण गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर मद्यपानास कायद्याने मनाई आहे. मद्याने तोल आणि अंदाज दोन्ही ढळतात. म्हणून त्यानंतर कोणालाही, कितीही आग्रह केला तरी, पाण्यात उतरू दिले जाणार नाही, आणि आदल्या रात्रीचा अंमल सकाळी जाणवत असल्यास त्या दिवशी बोर्ड मिळणार नाही. परतीसाठी मुक्कामापर्यंत आमची गाडी येते. तिचे भाडे शुल्कातच धरलेले आहे, तेव्हा त्या संध्याकाळी आपली दुचाकी मुक्कामीच ठेवावी.