काचेचा आयआर झाला, मग रामन कशाला?

शिवाजी विद्यापीठात प्रोजेक्टला काच घेतलेली पोरं हमखास विचारतात, सर आयआर (इन्फ्रारेड प्रकाशानं केलेली तपासणी) झालाय की, आता परत रामन कशाला, दोन्हीत अणूंमधल्या बंधांची कंपनंच तर दिसतात. दिसतात कंपनंच, पण तीच नव्हेत. आयआरमध्ये प्रकाश थेट शोषला जातो आणि तोही कंपनात डायपोल (धन-ऋण प्रभारांची मांडणी) बदलत असेल तरच, रामनमध्ये लेझर मारायचा आणि विखुरलेल्या प्रकाशाची फ्रिक्वेन्सी किती सरकली ते बघायचं, तिथं पोलरायझेबिलिटी (इलेक्ट्रॉनचा ढग किती सहज ओढला जातो ते) बदलावी लागते (१९२८ ला कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी दाखवलेलं ते हेच).

साधी सिलिका काच घ्या. आयआरला ११०० प्रति सेंटीमीटरच्या (हा वेव्हनंबर, म्हणजे एका सेंटीमीटरात बसणाऱ्या लाटा, पुढचे आकडेही याच एककात) आसपास दांडगा पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, येतो, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनच्या असिमेट्रिक स्ट्रेचिंगचा (एक बंध ताणतो तेव्हा दुसरा आखडतो). रामनला त्याच जागी अगदीच किरकोळ काहीतरी, उलट ४४० ला रुंद बँड आणि शेजारी ४९० नि ६०६ ला दोन बारीक टोकदार पीक, ते चार आणि तीन सिलिकॉनच्या छोट्या रिंगांचे. या रिंगा नुसत्या आयआरवर शोधत बसलात तर वर्ष जाईल.

बोरेट (बोरॉन ऑक्साइडची) काच असेल तर मात्र मी आधी आयआरच काढायला सांगतो. बीओथ्री (तीन ऑक्सिजनला जोडलेला बोरॉन) १२०० ते १५०० मध्ये, बीओफोर (चार ऑक्सिजनला जोडलेला) ८०० ते १२०० मध्ये, एका मर्यादेपर्यंत सोडियम ऑक्साइड वाढवत गेलं की पहिला बँड उतरतो नि दुसरा चढतो, ते डोळ्यांनी दिसतं. पण दोन्हीच्या एरियाचा रेशो काढून इतके टक्के बोरॉन चार-कोऑर्डिनेटेड झाला असं छातीठोक लिहू नका, दोन्ही गटांची शोषण्याची ताकद वेगळी असते, नेमका आकडा पाहिजे असेल तर बोरॉनचा एनएमआर (चुंबकी क्षेत्रात अणुकेंद्रकं तपासायची पद्धत) करा. आणि बोरोसिलिकेट असेल तर अजून घोळ, कारण बीओफोरच्याच पट्ट्यात सिलिकाचा ११०० वाला येऊन बसतो. बोरॉक्सॉल रिंग (तीन बीओथ्री जोडून झालेली) मात्र रामनलाच विचारायची, ८०८ ला सुईसारखा पीक.

सॅम्पलचं पण बघा. आयआरला काचेचा तुकडा तसाच लावून चालत नाही, कामाच्या भागात तो सगळं शोषून टाकतो, म्हणून खलात बारीक करून एक-दोन मिलिग्रॅम पावडर दोनशे मिलिग्रॅम केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड) मिसळून पेलेट, म्हणजे चपटी गोळी, दाबायची. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या दमट हवेत केबीआर ओव्हनमध्ये नीट वाळवला नसेल तर पेलेट पांढरट पडते, ३४०० ला रुंद ढेकूळ नि १६३० ला पीक येतो, ते केबीआरनं ओढलेल्या पाण्याचे, आणि पोरं खुशाल काचेतलं ओएच (हायड्रॉक्सिल) म्हणून थिसिसमध्ये लिहितात. नुसत्या केबीआरची पेलेट शेजारी काढून ठेवा, लगेच कळेल.

रामनला तुकडा तसाच चालतो, पाणीही फार त्रास देत नाही. पण काचेत एर्बियमसारखा (दुर्मिळ मृदा गटातला) धातू घातला असेल तर फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे लेझर पडल्यावर काच स्वतःच चमकते त्या उजेडात, सगळे पीक बुडतात, तेव्हा दुसऱ्या वेव्हलेंग्थचा लेझर लावून बघायचा, नाहीतर त्या सॅम्पलपुरतं आयआरवरच भागवायचं.