कलमाला आठवण असते, चाकाला नसते

"आंबो म्हंजे जुगारच रे!" फेब्रुवारीत ढग आले की आमच्याकडे हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. माझं आंब्यावरच्या औषधांचं दुकान आहे, त्यामुळे मला जरा जास्तच. म्हणणारा दमलेला असतो, उधारीत असतो, म्हणून मी गप्प बसतो. पण हल्ली त्याच वाक्याचं शेपूट धरून पोरं पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जायला लागली आहेत. नाहीतरी बागेत जुगारच खेळतो, मग एक रात्र पणजीला खेळलो तर बिघडलं कुठे? बागेत मुरलेली अक्कल तिथेही कामाला येईल, हा त्यांचा समज. मला चीड येते ती या समजाची.

आंब्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. पालवी, मोहोर, तुडतुड्यांची कीड, अवकाळी, वाशीच्या घाऊक बाजारातला भाव. पुढे.

वरवरचे फरकही उरकून टाकतो. गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोंचा कायदा झाला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरलं. खुद्द गोवेकरांना तिथे २०२० पासून खेळायला बंदी आहे, म्हणजे ताटं मांडलेली आहेत ती आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी सोडायची आणि ती कुठल्या घरात थांबते यावर पैसे लावायचे. त्या चाकावर ३७ घरं. १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. या शून्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे मालकाकडे राहतात. लोक या शून्यावर तासभर बोलतात. शून्य ठाऊक असलेली शहाणी माणसंही तिथे बुडतात, आणि ती बुडतात वेगळ्याच कारणाने.

माझा चुलतभाऊ घ्या. देवगडकडे त्याची हापूसची साठेक कलमं आहेत. गेल्या डिसेंबरात मी त्याच्यासोबत बोटीवर गेलो होतो, खेळायला नव्हे, गाडी चालवायला. रूलेटच्या टेबलाशेजारी एक उंच फलक होता, त्यावर आधी आलेले आकडे झळकत होते. लागोपाठ पाच काळे. भावाने कोपर मारलं. "बघ, आता लाल येणारच. पाच वेळा नाय आला." त्याने लालवर हजार लावले.

हे वाक्य त्याने कुठून आणलं ते मला माहीत आहे. बागेतून. "गेल्या वर्सा नाय धरलो, औंदा धरतलोच," हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि बागेत ते बरंचसं खरं असतं! हापूस वर्षाआड फळ धरतो. ज्या वर्षी कलम लगडतं, त्या वर्षी साठवलेलं अन्न फळांत जातं. काढणी झाली की नवी पालवी कमी येते, उशिरा येते, आणि थंडी पडेपर्यंत ती काडी जून होत नाही. कोवळ्या काडीला मोहोर कुठला? मग झाड एक वर्ष भरून काढतं. उलट, एखाद्या साली मोहोरच पावसाने गेला तर कलमाचा फळावरचा खर्चच झालेला नसतो. पुढच्या साली हवामानाने साथ दिली तर ते दामदुप्पट देतं. म्हणजे मागचं वर्ष झाडाच्या काडीत लिहिलेलं असतं. म्हणून तर आपण पावसाळ्यात बुंध्याभोवती कल्टार नावाचं औषध घालतो आणि झाडाची वाढ आवरून त्याला मोहोराकडे वळवतो. (काही जण दरसाल डोळे मिटून घालतात, त्यांच्याशी माझं जमत नाही, विक्री माझीच असली तरी.) वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना हा वाण काढला तोही नियमित धरणारा. झाडाची सवय मोडता येते, कारण झाडाला सवय असते.

चाकाला सवय नाही. गोळी उचलली की मागची फेरी पुसली गेली. पाच काळ्यांनंतर लाल येण्याची शक्यता ३७ मध्ये १८, पहिल्या फेरीला होती तेवढीच. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळं लागोपाठ २६ वेळा आलं, आणि 'आता लालच' म्हणत लोक लालवर पैसे ओतत राहिले.

इथे हमखास एक शिकलेला माणूस उठतो. "पण लांबच्या हिशेबात दोन्ही सारखेच येतात ना?" येतात, पण त्याला वाटतं तसे नाही. समजा पहिल्या दहा फेऱ्यांत दहाही काळे आले आणि पुढच्या हजार फेऱ्यांत लाल-काळे अगदी समसमान पडले. तरी काळं दहानेच पुढे. लालने भरपाई केलीच नाही, हजारांत ते दहा दिसेनासे झाले इतकंच. आमटीत मीठ जास्त पडलं तर ते परत काढता येत नाही, पाणी घालून पातळ करता येतं. भरपाई कलम करतं. चाक फक्त पाणी घालतं.

सोन्याच्या खाणीलाही आठवण असते, पण उलट्या बाजूची. कालचं सोनं काढून झालं म्हणून आज खाली कमी उरतं. कर्नाटकातल्या कोलारला तीन किलोमीटरहून खोल गेले, खर्च परवडेना आणि २००१ मध्ये खाण बंद झाली. तिथे 'इतकं खणलं, आता लागेलच' म्हणणाराही फसतो, पण त्याला निदान खडकाचा नमुना तपासून घेता येतो.

आणि तो फलक? कॅसिनो तो स्वतःच्या खर्चाने लावतो, यातच काय ते समजा. वाशीचा व्यापारी उद्याचा भाव तुम्हाला फुकट सांगतो का? टपरीवर मटक्याचे जुने चार्ट लटकतात, त्यांचंही हेच.

भावाचे हजार गेले. त्याने दोन हजार लावले, पुन्हा काळं. चार हजार लावले, हिरवं शून्य. आठ हजार, काळं. पंधरा हजार संपले, खिशात सिगारेटचे पैसे राहिले. पुढच्या फेरीला गोळी थांबली ती लालवर.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "येणारच होता."